वाचकांचे प्रश्न : नागपूर इंग्रजांचे नेमके कधी झाले?

गेल्या अंकात सीताबर्डीच्या लढाईवर एक टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : सीताबर्डीच्या लढाईत १८१७ साली भोसल्यांचा पराभव झाला, असे आपण लिहिले आहे. आम्ही मात्र शाळेत शिकलो की नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. मग मधल्या काळात नागपूरवर राज्य कोणाचे होते? – एक वाचक, महाल

उत्तर : आपला प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचे उत्तर एका सनात देता येत नाही, कारण नागपूरचे राज्य एका दिवसात गेलेले नाही. ते अर्धशतकभर तहनाम्यांच्या कलमांतून सुटत गेले. माझ्या मते या गोष्टीची सुरुवात १८१७ मध्ये नव्हे, तर १८०३ मध्ये करावी लागते. त्या वर्षी दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि लगोलग १७ डिसेंबरला दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. बालासोरसह कटक प्रांत त्यांच्या हातून गेला, म्हणजे समुद्राकडची वाटच बंद झाली. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूखही गेला आणि इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, येऊन बसला. तरीही रघुजींनी एक गोष्ट अखेरपर्यंत मान्य केली नाही, ती म्हणजे तैनाती फौज. मार्च १८१६ मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांच्या राजधानीचे रक्षण त्यांचेच सैन्य करीत होते.

रघुजींचे पुत्र परसोजी प्रकृतीने दुर्बळ होते आणि कारभार कोणी पाहावा यावरून वाड्यात तट पडले होते. त्या भांडणात आपली बाजू बळकट व्हावी म्हणून त्यांचे चुलतभाऊ मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब, यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फौजेच्या खर्चासाठी नागपूरने दरसाल साडेसात लाख रुपये द्यायचे आणि इंग्रजांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, असे त्यात ठरले. या व्यवस्थेची मेख पाहण्यासारखी आहे. फौजेचा पगार आपण द्यायचा, पण ती ऐकणार रेसिडेंटचे. पैसे थकले की त्यांच्या बदल्यात मुलूख तोडून द्यायचा. मुलूख गेला की वसूल घटणार आणि वसूल घटला की पुढचा हप्ता पुन्हा थकणार. तलवार उपसण्याच्या आधीच दौलतीची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेलेली असे. म्हणून नागपूरच्या इतिहासात मला सर्वांत निर्णायक वाटतो तो मे १८१६ चा हा तहनामा. वर्षभरानंतरची लढाई हा त्याचा परिणाम होता.

ही गोष्ट आप्पासाहेबांच्याही लवकरच लक्षात आली असावी. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर बसले. नोव्हेंबरात पुण्याला बाजीराव पेशवे इंग्रजांवर उठले, तेव्हा आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे रेसिडेंट जेंकिन्स यांच्या विरोधाला न जुमानता स्वीकारली. त्यानंतर २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. संख्येने थोड्या असलेल्या कंपनीच्या पलटणी टिकून राहिल्या आणि डिसेंबरात जनरल डव्हटन यांची फौज आल्यावर शहरही पडले. पुढे आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादेकडे नेत असता ते वाटेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या साहाय्याने काही काळ लढत राहिले. अखेर जोधपूरच्या आश्रयाला असतानाच १८४० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली, तोच तो तह मोडण्यासाठी रानोमाळ हिंडला, याचा विचार केला म्हणजे मन सुन्न होते.

आता आपण विचारलेल्या मधल्या काळाकडे वळतो. जून १८१८ मध्ये वयाने लहान असलेल्या तिसऱ्या रघुजींना इंग्रजांनी गादीवर बसवले आणि राजा अज्ञान आहे या कारणाने सर्व कारभार जेंकिन्स यांनी आपल्याकडे घेतला. जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज अधिकारी नेमले गेले. राजे वयात आल्यावर १८२६ पासून टप्प्याटप्प्याने आणि १८३० मध्ये पूर्णपणे कारभार त्यांच्याकडे परत आला. त्यानंतरची सुमारे तेवीस वर्षे वसूल, न्याय आणि दरबार रघुजींच्या नावाने चालत होता. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण ही दोन्ही अंगे मात्र कंपनीकडेच राहिली. थोडक्यात सांगायचे तर गादी भोसल्यांची होती आणि गादीखालची जमीन कंपनीची झाली होती.

ही जमीन पुढे कशी खेचून घेतली गेली, ते अधिक बारकाईने पाहायला हवे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता. मात्र भोसल्यांच्या घराण्यात विधवा राणीने दत्तक घेणे धर्माला आणि रूढीला धरून होते. वाड्यात दुसऱ्या रघुजींच्या राणी बाकाबाई यांच्यासारखी जाणती आणि मातबर स्त्री हयात होती आणि यशवंतराव अहेरराव हा नात्यातला मुलगा डोळ्यांसमोर होता. त्या वेळचे रेसिडेंट मॅन्सेल यांनीही राज्य खालसा करू नये, असे मत दिले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ते मानले नाही. जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणीत त्यांनी मांडलेला युक्तिवाद असा, की १८१७ च्या पराभवानंतर नागपूरचे राज्य इंग्रजांचे झाले होते, १८१८ मध्ये ते रघुजींना केवळ बक्षीस म्हणून दिले गेले आणि बक्षीस घेणारा वारसावाचून गेल्यामुळे ते देणाऱ्याकडे परत आले. आपल्याला पडलेले कोडे येथे सुटते. १८१७ आणि १८५४ हे दोन्ही सन खरे आहेत, कारण पहिल्या सनातील पराभव दुसऱ्या सनात कायद्याचा आधार म्हणून वापरला गेला. मधल्या काळात राजाशी राजा म्हणून तह केले गेले होते, ही गोष्ट मात्र या युक्तिवादात सोयीस्करपणे बाजूला ठेवली गेली.

त्याच टिपणीत खरी गरज कोणती होती, तेही दडवलेले नाही. सुमारे ८०,००० चौरस मैलांचा मुलूख, ४० लाखांचा वसूल, निजामाच्या राज्याला चोहोबाजूंनी घेरण्याची सोय, मुंबई-कलकत्ता हा थेट मार्ग जवळजवळ संपूर्णपणे स्वतःच्या हद्दीत येणे आणि वऱ्हाड व त्यालगतच्या जिल्ह्यांतील कापूस, हे लाभ त्यात नोंदलेले आहेत. यापैकी वऱ्हाड तर आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले होते. तहाची जी मेख वर सांगितली, ती तिथेही अशीच लागू पडली.

राज्य घेतल्यावर वाड्यातील चीजवस्तूही गेली. हत्ती, घोडे आणि बैल यांचा सीताबर्डीवर लिलाव झाला आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला पाठवले गेले. शहरातील लोकांनी राजाचे हत्ती मातीमोलाने विकले जाताना पाहिले. खालसा या शब्दाचाही येथे विचार करावासा वाटतो. मराठी राज्यात ज्या जमिनीचा वसूल कोणा जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारात जमा होई, तिला खालसा म्हणत. तोच शब्द पुढे सबंध राज्य बुडण्यासाठी रूढ झाला, आणि नागपूरच्या जुन्या पिढीला तो उच्चारताना होणारे दुःख मी लहानपणी प्रत्यक्ष पाहिले आहे.

प्रश्न : १८५७ मध्ये नागपूर शांत का राहिले? बाकाबाईंनी इंग्रजांना मदत केली, म्हणून त्यांना दोष द्यावा का? – एक वाचिका, इतवारी

उत्तर : नागपूर पूर्णपणे शांत नव्हते. १३ जून १८५७ च्या रात्री टाकळी येथील घोडदळाने उठावाचा बेत केला होता आणि शहरातही त्याचे धागेदोरे होते. पायदळ सामील झाले नाही, बेत फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी देण्यात आली. बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले, ही गोष्ट खरी आहे. दोष देण्यापूर्वी त्यांची स्थिती पाहावी, असे मला मनापासून वाटते. दुसऱ्या रघुजींच्या या राणीने सीताबर्डीचा पराभव, आप्पासाहेबांची परागंदा अवस्था, जेंकिन्सचा कारभार आणि अखेरीस वाड्याचा लिलाव, हे सगळे एका आयुष्यात पाहिले होते. मागे उरलेल्या कुटुंबाचे पोट आणि नाव वाचवणे एवढेच तिच्या हाती होते.

मला अधिक बोलके वाटते ते पुढचे. यशवंतराव अहेरराव यांना घराण्यात दत्तक घेऊन जानोजी हे नाव देण्यात आले, आणि १८५७ मधील राजनिष्ठेबद्दल लॉर्ड कॅनिंग यांच्या काळात त्यांना देऊरचे राजाबहादूर हा किताब मिळाला. सातारा भागातील देऊर हे भोसल्यांचे मूळ वतनाचे गाव. तीन-चार वर्षांपूर्वी जो वारसा नामंजूर होता, तोच राज्यावाचून, नुसत्या किताबापुरता, मान्य झाला. दत्तकाचा प्रश्न धर्मशास्त्राचा कधीच नव्हता, हे यावरून दिसते.

प्रश्न : आमच्या घराण्याकडे उमरेड भागातील एका गावाची मालगुजारी होती. ती भोसल्यांनी दिली होती, असे माझे वडील सांगत. आमच्या वऱ्हाडातील सोयऱ्यांकडे मात्र मालगुजारी हा शब्दच नाही. असे का? – एक निवृत्त शिक्षक, उमरेड मार्ग

उत्तर : आपल्या वडिलांच्या सांगण्यात अर्धे सत्य आहे. आपल्या घराण्याकडे भोसल्यांच्या काळात गावाची पाटीलकी असू शकेल. गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरणे, हे त्या पाटलाचे काम होते. त्याला त्याचा मोबदला मिळे, पण गावाची जमीन त्याच्या मालकीची नसे आणि त्याला बदलताही येत असे. मालकीची कल्पना नंतरची आहे. १८५४ नंतर इंग्रजांना वसुलाला जबाबदार असा एकच माणूस प्रत्येक गावात हवा होता. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवला गेला. त्यानंतरच्या दशकात तीस वर्षांचा जमीन-बंदोबस्त झाला आणि त्यात गावाचा वसूल भरणाऱ्या या माणसाला गावाचा मालक ठरवण्यात आले. कालपर्यंत जो गावातील पहिला कास्तकार होता, तो मालगुजार झाला आणि बाकीचे कास्तकार त्याची कुळे झाली.

हा बदल कागदावर छोटा दिसतो, प्रत्यक्षात तो फार खोल होता. मालकी मिळाली म्हणजे ती गहाण टाकता येते आणि विकताही येते. दोन वर्षे पीक बुडाले, मुलीचे लग्न निघाले किंवा कोर्टाचा खर्च वाढला की मालगुजारीचे आणे-पै हिस्से सावकाराच्या वहीत चढत. गावात कधीही पाऊल न ठेवलेला शहरातील सावकार अशा रीतीने गावाचा मालक होऊ लागला. कुळांना काही संरक्षण देण्यासाठी १८८३ मध्ये कूळकायदा करावा लागला आणि नंतर तो वारंवार सुधारावा लागला, यावरूनच मूळ बंदोबस्ताने केलेली हानी कळते.

वऱ्हाडाचे म्हणाल, तर वर्धा नदी ओलांडली की कायदाच बदलत होता. वऱ्हाड १९०३ पर्यंत मध्य प्रांतात नव्हतेच आणि तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी लागू झाली होती. तिथला शेतकरी थेट सरकारात सारा भरणारा खातेदार होता, म्हणून आपल्या सोयऱ्यांच्या घरी तो शब्द नाही. सावकारीचे दुखणे मात्र नदीच्या दोन्ही काठांवर सारखेच होते.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावे सरकारकडे आली. शब्द तरीही उरला आहे. भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव होत, आणि त्यांतील कित्येक तलाव मालगुजारीच्याही फार आधीचे, कोहळी समाजाच्या हातचे आहेत. आपल्याकडे जुने कागद असतील तर त्यांत वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद अवश्य शोधावा. गावातील चराई, सरपण, पाणी आणि वाटा यांवर कोणाचा कोणता हक्क आहे, ते बंदोबस्ताच्या वेळी त्यात लिहून घेतलेले असे. घराण्याच्या अभिमानापेक्षा गावाची स्थिती त्यातून अधिक कळेल.

प्रश्न : रेल्वे, गिरण्या आणि महाविद्यालये इंग्रजी राजवटीतच नागपूरला आली. मग त्या राजवटीने आपले भले केले, असे म्हणण्यात चूक काय? – एक विद्यार्थी, हिंगणघाट

उत्तर : आपण हिंगणघाटचे आहात, म्हणून कापसापासूनच सांगतो. आपल्या गावच्या कापसाची जात इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखली जात होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर नागपूर-वऱ्हाडकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती या ओढीनेच. रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून दिली जाई. म्हणजे रुळांचा पैसा लंडनहून आला आणि त्याची जोखीम येथील रयतेने वाहिली.

त्या रुळांकडून काय अपेक्षा होती, तेही लिहून ठेवलेले आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिवेट-कार्नॅक यांच्या अहवालात असा विचार मांडलेला आहे, की या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, सुताला लागणारा कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे लोक शेतमजुरीला मिळतील. नागपूर, उमरेड आणि पवनी येथील कोष्टी आणि जाडेभरडे कापड विणणारे महार यांच्या चुलीचा प्रश्न एका अहवालात इतक्या थंडपणे मांडलेला वाचून मला आजही संताप येतो. महीन रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी विणणारे कोष्टी बरेच टिकले. जाडेभरडे विणणारे मात्र फार लवकर उघड्यावर पडले.

रेल्वे आल्यावर दुष्काळ थांबतील, असे सांगितले गेले होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भीषण दुष्काळ रेल्वे येऊन तीस वर्षे झाल्यावर पडले आणि १९०१ च्या शिरगणतीत मध्य प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. धान्य वाहून आणणारी गाडी धान्य बाहेरही नेते, आणि विकत घेण्यास हाती पैसा नसेल तर स्टेशनावर रचलेल्या पोत्यांचा भुकेल्याला काही उपयोग नसतो.

गिरणीबाबत आपला थोडा गैरसमज आहे. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल जमशेटजी टाटा यांनी उभारली, ती सरकारने दिलेली नव्हे. उलट हिंदी गिरण्यांच्या कापडावर सरकारने १८९६ मध्ये साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. विलायती कापडावरील आयात जकातही तेवढीच होती. लँकेशायरच्या मालाला येथे किंचितही अडथळा वाटू नये, हा त्याचा हेतू होता आणि हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. महाविद्यालयांचे श्रेय मी नाकारणार नाही. १८८३ चे हिस्लॉप आणि १८८५ चे मॉरिस या दोन्ही महाविद्यालयांनी आपल्याकडे वकील, शिक्षक आणि संपादक घडवले. आपण भले हा शब्द वापरला आहे. ते तपासायचे असेल तर वस्तू कोणती आली एवढेच न पाहता तिचा खर्च कोणी भरला, तिचा नफा कुठे गेला आणि तिच्याविषयीचा निर्णय कोणी घेतला, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. हिंगणघाटच्या जुन्या कापूस बाजारापासून सुरुवात केलीत तर उत्तम.

प्रश्न : १९२३ चा झेंडा सत्याग्रह नागपुरात सिव्हिल लाइन्सवरूनच का पेटला? – एक वाचक, धंतोली

उत्तर : सिव्हिल लाइन्स ही गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती होती. तिरंगी झेंडा घेतलेली मिरवणूक शहरातून गेली तर चालेल, पण त्या वस्तीतून जाता कामा नये, असा हुकूम होता. शहर आणि त्या बंगल्यांमधला तोच एक रस्ता मोकळा करण्यासाठी १ मेपासून रोज तुकड्या निघू लागल्या आणि रोज अटक होऊ लागली. जमनालाल बजाज यांना शिक्षा झाल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेल यांच्याकडे आली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक रेल्वेने नागपूरला येत आणि येथून थेट तुरुंगात जात. अखेर १८ ऑगस्टला झेंडा घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि तिला कोणी अडवले नाही. आपल्या धंतोलीहून तो रस्ता फार दूर नाही. सदरकडे जाताना आपण तो रोज ओलांडत असाल.